मागच्या खुर्चीवरची सालुद

त्या आठवड्यात आमच्या तालमीत सगळ्यांचे कान गिटारकडे नव्हते, सालुदमावशीच्या फोनकडे होते. तो वाजत नव्हता. वाजला नाही की हायसं वाटायचं, आणि फार वेळ वाजला नाही की पुन्हा धास्ती, बॅटरी तर उतरली नाही ना.

फोन तिच्या खुर्चीखालच्या पिशवीत असायचा. त्याच पिशवीत हातपंखा, बडीशेपेच्या गोळ्या आणि घशाला गुंडाळायचा रुमाल. नाचणाऱ्यांच्या मागे खुर्च्यांची रांग असते, गाणारे, टाळ्या वाजवणारे, गिटारवाला. त्या रांगेत डावीकडून पहिली खुर्ची मावशीची. उभ्या जन्मात तिनं रंगमंच पाहिला तो नाचणाऱ्या पोरींच्या पाठीमागून.

तिचे थोरले दीर बासिलिओ इस्पितळात होते. फुप्फुसं थकली होती. ते गेले असते तर सालुदमावशीला गाता आलं नसतं.

हे आमच्या खेरेस गावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सांतियागो मोहल्ल्यातल्या हितानो घरांत, बाहेरचे ज्यांना जिप्सी म्हणतात त्यांच्या घरांत, माणूस गेलं की रेडिओवर फडकं पडतं. बायका कानातले काढतात. अंगावर काळं चढतं आणि घरातलं गाणं बंद होतं. निदान वर्षभर. नवरा गेला तर किती, ते जिच्या तिच्या काळजावर. मावशीच्या नवऱ्याला, रामोनला, जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी तिच्या घरातून गुणगुणणंसुद्धा ऐकू यायचं नाही. मी तिच्या खालच्या मजल्यावर वाढले, आमचा चौक एकच. एके दिवशी वरून कांदा परतल्याचा वास आला आणि त्याबरोबर दोन सूर आले, तेव्हा माझी आई जिन्याकडे बघत हळूच म्हणाली, "सुटली बाई."

त्यानंतरच ती कामाला लागली. नाचाच्या क्लासांत गायची, गावोगावच्या जत्रांत गायची, आणि आता आमच्या कंपनीत. पण नेहमी मागे बसून, नाचणारीसाठी. कारण पुढे उभं राहून गाणं, ही गोष्ट तिच्या एकोणिसाव्या वर्षीच निकालात निघाली होती. एका लग्नात तिला ऐकून माद्रिदच्या एका नाचघराचा मालक घरी आला होता. रामोनशी तिचं ठरलेलं होतं. रामोन काही बोलला नाही. बोलले ते बासिलिओ, घरातले थोरले, मासळीबाजारात गाळा असलेले, ज्यांच्या शब्दावर अख्खी गल्ली भांडण मिटवायची. म्हणाले, "आमच्या बायका गातात. घरात गातात." पाहुण्याला त्यांनी वाइन पाजली, तळलेली मासळी बांधून दिली आणि स्टेशनावर सोडून आले.

मागे बसून गाण्याला मात्र त्यांनी पुढे कधी हरकत घेतली नाही. मागचं माणूस दिसत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि आमच्या नाटकात ती पुढे येणार होती.

नाटकात बोलणं नाही, सगळं नाचात आणि गाण्यात. राफाएला नावाची बाई घोडे शिकवणाऱ्या एका माणसावर जीव ओवाळून टाकते, तोही तिच्यावर. त्याला ती हवी असते, आणि ती आत आली की दाराला कडी हवी असते. शेवटी राफाएला आपला लांबलचक शेपटाचा झगा उतरवून त्याच्यासमोर जमिनीवर ठेवते आणि साध्या परकरात निघून जाते. त्या वेळी गिटार थांबते. मागच्या रांगेतून सालुदमावशी उठते, नाचणारीच्याही पुढे येते आणि उभ्यानं सिगिरिया गाते. सिगिरिया हे आमच्याकडचं सगळ्यात जड गाणं. ते चालू असताना हातातला पेला खाली ठेवायलाही माणूस बिचकतो.

आमचा दिग्दर्शक फेर्मिन सेव्हिलचा. त्यामुळे त्याच्या बोलण्यातलं निम्मं आम्ही खेरेसवाले आधीच वजा करतो. प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात तो मावशीच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला.

"मावशी, एक खबरदारी म्हणून तेवढं गाणं रेकॉर्ड करून ठेवू या का?"

"कशाची खबरदारी?"

"म्हणजे, देव न करो..."

"देव करणारच आहे. तू कधी ते विचारतोयस."

"मला गैरसमज नको आहे, मावशी."

"मग सरळ बोल. माझा आवाज डब्यात भरून ठेवायचा. मी घरात काळं घालून भिंतीकडे तोंड करून बसायचं, आणि इकडे थिएटरात मी गात असायचं. लोक म्हणतील, दीर मेला आणि ही एकाच वेळी दोन ठिकाणी."

"प्रयोग बंद नाही ना ठेवता येणार."

"मग दुसरी बघ. सेव्हिलला काय कमी आहेत? तुमच्याकडे तर म्हणे रिक्षावालेसुद्धा गातात."

"आमच्याकडे रिक्षा नाहीत, मावशी. घोडागाड्या आहेत."

"मग घोडे गात असतील."

सगळे हसले. फेर्मिनही हसला, पण उठताना माझ्याकडे बघून त्यानं भुवया उंचावल्या. रंगमंचाची व्यवस्था माझ्याकडे होती, दिवे, पडदा, कोणी कधी आत जायचं ते सगळं. म्हणजे मावशी गाणार की नाही हे आधी मला कळायला हवं होतं, आणि मला काहीच कळत नव्हतं.

घरी जाताना ती कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये रोज मेणबत्ती लावायची. मी दाराशी थांबायचे. एकदा बाहेर येऊन म्हणाली, "पोरी, भावजींसाठी लावते मी. रोज. पण आत ती जी माउली बसलीय ना, तिला कळत असेल मी कोणासाठी लावते ते."

"कोणासाठी?"

"शनिवारच्या प्रयोगापर्यंत त्यांना ठेव म्हणते मी. शनिवारपर्यंत. असं कोणी मागतं का?" मग चालता चालता, "भावजींनी जिवंतपणी मला गप्प केलं. आता मरूनही करणार. आणि वर वाईट मीच."

शनिवारी सकाळी ती इस्पितळात जाऊन आली. बासिलिओंच्या बायकोला, मिलाग्रोसकाकूंना, तिनं विचारलं, डॉक्टर काय म्हणतात. काकू म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात आजचा दिवस निघेल, उद्याचाही निघेल, किंवा काहीच निघणार नाही. "तू जा," काकू म्हणाल्या. "काही झालंच तर..." आणि वाक्य तिथंच सोडलं. मावशी दिवसभर त्या सोडलेल्या वाक्याशी झगडत होती. दुपारी मी तिला रस्सा दिला तर चमचा हातात धरून म्हणाली, "काही झालंच तर कळवते, असं म्हणाली असेल? की काही झालंच तर कळवत नाही, असं?"

"तुम्हाला कोणतं हवंय?"

"मला रस्सा हवाय. आण मीठ."

थिएटर भरलं. पहिल्या रांगांत गावातली जुनी घरं, मागे शाळा-कॉलेजची पोरं. राफाएला करणारी नोएमी विंगेत बुटांचे तळवे ओल्या फडक्यावर घासत होती. "ती येईल ना पुढे?" तिनं मला विचारलं. "मी झगा उतरवून तिथं उभी राहणार आणि मागून कोणी आलंच नाही तर मी काय करू?"

"फेर्मिननं काय सांगितलंय?"

"फेर्मिन म्हणतो, श्वास घे."

फोन मावशीनं माझ्याकडे दिला होता. मी तो आवाज बंद करून माझ्या टेबलावर उताणा ठेवला. पडदा उघडला. पहिला भाग बरा गेला. मावशी मागून गात होती, नोएमी तिच्या गाण्यावर पाय टाकत होती, घोडेवाला आला, दोघं एकमेकांभोवती फिरले, कोणीतरी बाल्कनीतून दाद म्हणून "ओले" म्हणालं तेही अगदी जागेवर.

मग एका नाचात मागच्या रांगेला थोडा वेळ विंगेत यायचं असतं. मावशी आली, पाण्याचा पेला घेतला आणि पडद्याच्या फटीतून प्रेक्षकांकडे पाहिलं. पेला तोंडाजवळच राहिला.

"काय झालं?"

मी फटीतून पाहिलं. तिसऱ्या रांगेत, कडेला, आरासेली बसली होती. बासिलिओंची धाकटी मुलगी, माद्रिदला चष्म्याच्या दुकानात नोकरीला. गळ्यापासून पायापर्यंत काळी. केस मागे घट्ट बांधलेले. कानात काही नाही.

आमच्याकडे कोणी पत्र पाठवत नाही अशा वेळी. असं दिसतं, आणि कळतं.

"मावशी," मी म्हणाले, "फोनवर काही आलेलं नाही. मी बाहेर जाऊन विचारून येते."

"कोणाला विचारतेस? तिच्या अंगावर लिहिलंय."

"पण मग ती इथं कशी येईल? घरी बसली असती."

"मला सांगायला आलीय. मध्येच उठवायला नको म्हणून बसलीय. शहाणी पोर आहे." मावशीनं पेला माझ्या हातात दिला. "कानातलेसुद्धा काढलेत तिनं."

"फेर्मिनला सांगू? गाण्याच्या जागी दिवे मंद करून..."

"काही सांगू नकोस."

"तुम्ही गाणार आहात का, मावशी? मला एवढंच सांगा. मला दिवा कुठं टाकायचा ते कळायला हवं."

तिनं आपल्या कानातली सोन्याची लोंबती झुंबरं काढली, एकेक करून. माझ्या टेबलावर फोनशेजारी ठेवली. मला वाटलं, झालं. मग ती आत गेली आणि पुन्हा आपल्या खुर्चीवर बसली.

पुढच्या सगळ्या भागात मी काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. हात काम करत होते. निळा दिवा, पिवळसर दिवा, घोडेवाल्याची एंट्री. माझी नजर मागच्या रांगेत होती. मावशी टाळ्या वाजवत होती, लय सोडली नव्हती, पण तोंड मिटलेलं होतं. तिच्या ओळी शेजारचा गडी गात होता आणि तिच्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होता.

शेवट आला. नोएमीनं कमरेची बटणं सोडली, तो अवजड झगा पायांतून काढला आणि घोडेवाल्याच्या समोर नीट पसरून ठेवला, जसं लेकराला निजवावं. गिटार थांबली. टाळ्या थांबल्या.

कोणी उठलं नाही.

नोएमी उभी राहिली. परकरात ती किती लहान दिसते ते मी पहिल्यांदाच पाहिलं. प्रेक्षागृहात एक खोकला आला आणि दबला. कानातल्या यंत्रावर फेर्मिन कुजबुजत होता, "दिवा काढ, इन्मा, दिवा काढ." माझं बोट बटणावर होतं. मी ते दाबलं नाही. मोठा विचार केला वगैरे काही नाही, बोट हललंच नाही.

मग खुर्ची करकरली.

ती चालत आली ती काही नाटकातल्यासारखी नाही. बाजारातून पिशव्या घेऊन यावं तशी, थोडी एका बाजूला झुकून. नोएमीच्या पुढे गेली, कडेपर्यंत गेली आणि सरळ तिसऱ्या रांगेकडे तोंड करून उभी राहिली. आणि गायली.

आधी शब्द नव्हते. नुसता एक आकार, खालून वर आलेला, मध्ये फाटलेला. मग शब्द आले.

*दाराशी होते उभी,*
*कडी माझ्याच हाती,*
*उघडू कशी, आई गं,*
*आत माझेच रडती.*

शेवटची ओळ तिनं अशी वळवली की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या टाळीवाल्यानं डोळे मिटले. ते वळण रामोनच्या आईचं. त्या घराबाहेर कोणी घेत नाही. दोनशे माणसांसमोर ते कोणी कधी घेतलेलं नव्हतं.

पडदा पडला. बाहेर लोक काय करत होते ते ऐकू येत होतं, पण आम्ही सगळे मावशीभोवती उभे होतो. ती झग्याच्या पेटीवर बसली. "आता मला घरी न्या," म्हणाली. "नाही, घरी नको. त्यांच्याकडे."

तेवढ्यात आरासेली आत आली, तोंडभर हसत, हातात फुलं. "काकू," म्हणत गळ्यात पडली. मावशीनं तिला धरून ठेवलं, पाठीवरून हात फिरवला.

"कधी गेले?"

"कोण?"

"तुझे बाबा."

आरासेली मागे सरली. "बाबा? मी तिकडूनच तर इथं आले. सूप प्यायले अर्धी वाटी. बेचव आहे म्हणून नर्सला बोलले."



"मग हे काय घातलंयस?" मावशीचा आवाज अगदी लहान झाला होता.

आरासेलीनं स्वतःकडे पाहिलं. "हे? काकू, माद्रिदला सगळ्याच हे घालतात. थिएटरला जायचं तर काळंच."

"आणि कान?"

"एक कानातलं गाडीत हरवलं. मग दुसरं काढून ठेवलं."

फेर्मिन हसायला लागला आणि एकटाच हसतोय असं पाहून थांबला. मावशी पेटीवरच बसून राहिली. मला वाटलं तिला हलकं वाटेल. पण तिचा चेहरा आधीपेक्षा वाईट झाला होता.

"म्हणजे माणूस जिवंत आहे," ती म्हणाली. "आणि मी त्याला मारून गायले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला गाडीनं इस्पितळात नेलं. वाटेत म्हणाले, "सांगायलाच हवं का? कोणाला माहीत आहे?"

"मला."

बासिलिओ उशीला टेकून बसले होते, नाकाला नळी. मिलाग्रोसकाकू संत्रं सोलत होत्या. मावशी पलंगाच्या पायाशी उभी राहिली, पिशवी दोन्ही हातांत धरून, शाळेत उभं केल्यासारखी.

"भावजी, काल मी पुढे येऊन गायले."

"कळलं. आरासेली बोलली."

"तिनं सगळं सांगितलं नसेल. तिच्या अंगावर काळं पाहिलं मी. तुम्ही गेलात असं समजले. आणि तरी गायले."

काकूंचा सोलायचा हात थांबला. नळीतून हवेची शिट्टी येत होती तेवढाच आवाज.

"मी मेलो असं समजून."

"हो."

"रडलीस तरी?"

"रडत गाता येत नाही, भावजी. गळा मिटतो."

"काय गायलीस?"

तिनं सांगितलं.

"शेवट? आमच्या आईचा घेतलास?"

"घेतला."

"मला न विचारता."

"मेलेल्या माणसाला काय विचारायचं?"

मिलाग्रोसकाकूंनी एकदम पदरासारखा रुमाल तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. रडतायत असं मला वाटलं, पण त्या हसत होत्या, आवाज दाबून, लालबुंद होऊन. बासिलिओंनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं, काही बोलायला गेले आणि त्यांना खोकला आला. तो थांबेचना. यंत्र वाजायला लागलं, नर्स धावली, आम्हाला बाहेर काढलं. मावशी व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी, ओठ पुटपुटत होते. या वेळी ती कोणासाठी मागत होती ते तिला ठाऊक असावं.

बऱ्याच वेळानं नर्सनं एकेकाला आत सोडलं. बासिलिओ डोळे मिटून पडले होते. मावशीनं पांघरूण नीट केलं आणि निघाली. दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला, कसाबसा.

"सालुद."

"काय, भावजी?"

"पुढच्या वेळी आधी फोन कर."

एवढंच. मान्य केलं की टोमणा मारला, मावशी आणि मी पुढे कितीदा बोललो त्यावर, ठरलं नाही.

ते त्यानंतरच्या पंधरवड्यात गेले. सेव्हिलचे प्रयोग ठरले होते, भिंतींवर मावशीचा चेहरा लागला होता. आणि सालुदमावशीनं रेडिओवर फडकं टाकलं.

नोएमीला ते सहन झालं नाही. ती थेट वर गेली, मी तिच्यामागे. मावशी चण्याचं कालवण ढवळत होती, काळा झगा, कान मोकळे.

"मावशी, मग त्या दिवशीचं ते सगळं कशासाठी होतं?" नोएमी म्हणाली. "तेव्हा तुम्ही नियम मोडलात. आता कोणी तुम्हाला अडवायलाही उरलं नाही. मी रोज तिथं झगा ठेवून बाहेर पडते आणि तुम्ही आत बसताय?"

"बस आधी. उभ्यानं भांडू नये."

नोएमी बसली.

"मी एकोणीस वर्षांची असताना मला गप्प केलं ते त्यांनी ठरवलं होतं," मावशी म्हणाली. "त्या रात्री गायले ते मी ठरवलं. आता गप्प आहे, तेही मीच. माझ्या लग्नात त्यांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं, पोरी. त्याचं एक वर्ष तरी होतं की नाही?"

"आणि सेव्हिल?"

"सेव्हिलवाल्यांना घोडे आहेत की."

नोएमीला हसू आलं आणि त्याचाच राग आला. डोळे पुसत ती जिना उतरली. मी मागे राहिले. फेर्मिननं मला विचारायला सांगितलं होतं, दुसरी गायिका घेऊ का. मी विचारलं.

"घे म्हणावं. चांगली घे. फक्त शेवटाचं ते वळण तिला देऊ नका."

मी हो म्हणाले. ती ढवळत राहिली. टेबलावर तिच्या डाव्या हाताची बोटं आपोआप सिगिरियाची लय वाजवायला लागली. तिच्या ते लक्षात आलं आणि तिनं हात मुठीत घेतला.

"इन्मा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वर्षानंतर असेल ना गं हा?" आणि चमच्याचा दांडा गळ्याला टेकवला.

उत्तराची वाट तिनं पाहिली नाही. कालवणाची चव घेतली, आणि म्हणाली मीठ आण.